गाडीचं डेंटिंग-पेंटिंग : ‘किती होतील?’ विचारण्याआधी काय करायचं आणि बिल देईपर्यंत काय तपासायचं

गाडी ठोकली गेली की पहिला फोन जातो तो खर्च विचारायला. एक-दोन फोटो पाठवायचे, तीन गॅरेजवाल्यांकडून तीन आकडे घ्यायचे आणि सगळ्यात कमी आकडा सांगणाऱ्याकडे गाडी लावायची, असा सर्वसाधारण क्रम असतो. हा क्रमच उलटा आहे. काय दुरुस्त करायचं, काय बदलायचं आणि किती पॅनल (दार, बोनेट यांसारखे बॉडीचे भाग) रंगवायची हे ठरायच्या आधी सांगितलेला आकडा हा अंदाजच असतो. पुढे बिल वाढलं की मालकाला वाटतं फसवलं, आणि कारागिराला वाटतं गिऱ्हाईक घासाघीस करतंय.

एक गोष्ट आधी नीट लक्षात घ्या. स्प्रे गन हातात घेऊन एका दारावर रंगाचा एक हात मारायला दोन-तीन मिनिटं लागतात. पैसे जातात ते त्याआधीच्या कामात: उघडणं, पत्रा सरळ करणं, घासणं, मास्किंग करणं (न रंगवायची जागा झाकणं), परत बसवणं. म्हणूनच एस्टिमेट स्वस्त करायचं झालं की कात्री याच कामाला लागते. ताजा रंग त्या वेळी चकचकीत दिसतो, आणि खालची कसर काही महिन्यांनी वर येते. खालचे टप्पे याच क्रमाने करा.

## टप्पा १ : गाडी धुवा आणि नुकसानीची यादी स्वतः करा

मळलेल्या गाडीचं एस्टिमेट घेऊ नका. धुळीखाली बारीक पोचे दिसत नाहीत. उलट, जे भयंकर ओरखडे वाटतात त्यातले काही समोरच्या गाडीचा किंवा भिंतीचा आपल्या क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, घासून बसलेला रंग असतो. तो रबिंग कंपाउंडने निघतो, त्यासाठी पॅनल रंगवावं लागत नाही.

धुऊन वाळली की गाडी अशी उभी करा की खांबाचं, खिडकीचं किंवा ट्यूबलाइटचं सरळ रेषेतलं प्रतिबिंब पॅनलवर पडेल. पॅनलकडे समोरून बघू नका. त्याच्या टोकाशी उभं राहून, डोळा पत्र्याच्या जवळ नेऊन, लांबवर बघा आणि डोकं हळूहळू वर-खाली करा. चांगल्या पत्र्यावर ती रेषा सलग सरकते. पोचा असेल तिथे ती वाकते, फुगते किंवा मध्येच तुटते. दाराच्या मुख्य पोच्यापासून वीतभर अंतरावर असलेली हलकी लाट फोटोत कधीच येत नाही, पण पुट्टी (पत्र्यातली उणीव भरायचा लेप) किती जागेवर लागणार हे तीच ठरवते.

मग फटी बघा. बोनेट आणि फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) यांच्यातली फट डावीकडे-उजवीकडे सारखी आहे का? दार बंद करताना शेवटी उचलावं लागतं का? डिकीचं रबर सगळीकडे सारखं दाबलं जातं का? मागून धडक बसली असेल तर डिकीतलं मॅट उचलून स्टेपनीच्या खड्ड्याचा पत्रा बघा. तिथे सुरकुत्या असतील किंवा सांध्यावरचं सीलर तडकलं असेल, तर मार बंपरपुरता राहिलेला नाही.

फोटो काढताना चारही कोपऱ्यांतून पूर्ण गाडी, प्रत्येक नुकसानीचा एक लांबून आणि एक जवळून, शिवाय मीटरचं रीडिंग आणि चासी नंबर व कलर कोड असलेली पट्टी. ही पट्टी बहुतेक गाड्यांत दाराच्या चौकटीवर किंवा बोनेटखाली असते. आधीपासून असलेले जुने ओरखडेही टिपून ठेवा. गाडी परत घेताना हेच फोटो कामाला येतात.

थांबा : खाली कूलंट किंवा तेल गळत असेल, एअरबॅगचा दिवा पेटलेला असेल, बंपर किंवा लाइनर (चाकाच्या कमानीतलं प्लॅस्टिकचं अस्तर) टायरला घासत असेल, किंवा स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल तर गाडी चालवत नेऊ नका, टो करा. फुटलेल्या रेडिएटरनिशी थोडं अंतर चालवलं तरी इंजिनाचं काम निघू शकतं, आणि ते या सगळ्या दुरुस्तीपेक्षा महाग पडेल.

## टप्पा २ : ओरखडा किती खोल आहे ते ठरवा

कंपनीतून आलेल्या रंगाचे थर साधारण असे असतात: पत्र्यावर गंजरोधक ई-कोट, त्यावर प्रायमर, मग खरा रंग देणारा पातळ बेस कोट आणि सर्वांत वर चमक देणारा क्लिअर कोट. हे सगळं मिळून बहुतेक गाड्यांवर १०० ते १६० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे एका मिलिमीटरचा साधारण सातवा-आठवा हिस्सा. यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. पॉलिशने फक्त एवढ्याच जाडीशी खेळता येतं.

ओरखड्यावर पाणी टाका. ओला असताना तो दिसेनासा झाला तर तो क्लिअर कोटमध्येच आहे. मग नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर रबिंग-पॉलिशने काम होतं. नख अडकत असेल आणि आत वेगळा, करडा किंवा फिका थर दिसत असेल, तर ओरखडा प्रायमरपर्यंत गेलाय आणि पॅनल रंगवावं लागेल. चकाकता पत्रा दिसत असेल तर घाई करा. पोलादी पत्रा उघडा पडला की दमट हवेत गंज धरायला फार दिवस लागत नाहीत. दुरुस्तीला वेळ लागणार असेल तर तोवर जागा कोरडी करून टच-अप पेन किंवा निदान टेप लावून ठेवा.

पोचा आहे पण रंग तडकलेला नाही, असं असेल तर रंग न काढता पोचा काढण्याची पद्धत, म्हणजे पीडीआर, आधी विचारा. यात पत्रा आतून लांब सळ्यांनी हळूहळू ढकलतात किंवा बाहेरून गोंदाच्या गुटक्याने ओढतात. कंपनीचा मूळ रंग टिकतो, शेड जुळवायची भानगड नाही, आणि खर्च बहुतेक वेळा पेंटिंगपेक्षा बराच कमी. तीन ठिकाणी मात्र ती अडते: पत्र्याला धारदार घडी पडली असेल, पोचा पॅनलच्या अगदी काठावर किंवा दुहेरी पत्र्यावर असेल, किंवा त्या जागी आधीची पुट्टी असेल.

सगळ्यात जास्त होणारी चूक : पीडीआरने निघणारा पोचा आधी घरी सक्शन कप, हेअर ड्रायर आणि हातोडीने काढायला जाणं. पत्रा एकदा ताणला गेला किंवा रंग तडकला, की तो पोचा थेट पुट्टी-पेंटच्या रांगेत जातो.

## टप्पा ३ : दुरुस्ती की बदली, हे पॅनलपॅनलने ठरवा

‘सगळं नवीन टाका’ आणि ‘सगळं ठोकून काढा’ ही दोन्ही टोकं महागात पडतात. आधी बघायचं की पॅनल बोल्टवर बसलंय की वेल्ड केलेलं आहे.

बोनेट, पुढचे फेंडर, दारं आणि डिकी बोल्ट-बिजागऱ्यांवर असतात. फेंडर जोरात चुरगळला असेल तर त्यावर कारागिराचा दिवस घालवण्यापेक्षा नवा फेंडर अनेकदा स्वस्त आणि जास्त चांगला पडतो. मागचं क्वार्टर पॅनल (मागच्या चाकावरचा पत्रा), छप्पर आणि रनिंग बोर्ड (दारांखालचा पत्रा) मात्र बॉडीला वेल्ड केलेले असतात. ते बदलायचे म्हणजे कापायचे, स्पॉट वेल्ड ड्रिल करायचे, काच आणि सीट काढायची, वेल्डिंग करायचं, सांधे सीलरने बंद करायचे आणि आतल्या पोकळीत गंजरोधक मेण फवारायचं. इथे जरा कष्टाची का होईना, पण दुरुस्ती बरी. क्वार्टर पॅनल मध्यम चेपलं असेल आणि कुणी थेट बदलायला सांगत असेल, तर दुसरं मत घ्या.

बंपर प्लॅस्टिकचा असतो, त्याचे नियम वेगळे. वाकलेला बंपर गरम करून मूळ आकारात येतो आणि लहान तडा प्लॅस्टिक वेल्डिंगने जोडता येतो. पण बंपरचे कान तुटले असतील, म्हणजे हेडलाइट आणि फेंडरपाशी अडकवणाऱ्या क्लिपांच्या जागा, तर बदलाच. जोडलेले कान टिकत नाहीत आणि बंपर महिन्याभरात लोंबायला लागतो. आणखी एक: बंपर बाहेरून परत सरळ झाला म्हणजे मार बसलाच नाही असं नाही. आतला फोम आणि त्यामागचा बीम चेपलेला असू शकतो. पुढच्या धडकेत माणसांना वाचवणारा भाग तोच आहे, तिथे काटकसर करू नका.

पिलर (छप्पर धरणारे खांब) आणि दारांच्या चौकटीत अनेक गाड्यांमध्ये अतिशय कडक पोलाद वापरलेलं असतं. ते गॅस वेल्डिंगच्या ज्योतीने तापवून ओढलं तर त्याची ताकद जाते. अशा ठिकाणी गाडी बनवणाऱ्या कंपनीची दुरुस्ती-पद्धत काय सांगते ते विचारा. ‘तापवून सरळ करतो’ एवढंच उत्तर मिळालं तर गाडी तिथे ठेवू नका. अॅल्युमिनियमच्या बोनेटला चुंबक चिकटत नाही, एवढ्यावरून ते ओळखता येतं. त्याला वेगळी हत्यारं लागतात. पोलादावर वापरलेली ब्रश-डिस्क त्यावर चालवली तर पोलादाचे कण रुतून पुढे रंगाखाली फोड येतात.

तपासा : सेकंडहँड पॅनल त्याच रंगाचं मिळालं तरी ‘पेंटिंग वाचलं’ असं धरू नका. वर्षानुवर्षांच्या उन्हाने दोन गाड्यांचे रंग वेगवेगळे उतरलेले असतात. शिवाय असं पॅनल घेण्याआधी त्यावर पातळ कापडात गुंडाळलेलं छोटं चुंबक फिरवून बघा. पोलादी पॅनलवर ते कुठे सैल धरत असेल तर तिथे पुट्टी आहे.

## टप्पा ४ : विमा की स्वतःचे पैसे, हे गाडी उघडण्याआधी ठरवा

हा निर्णय काम सुरू झाल्यावर घ्यायचा नसतो. विमा कंपनीला कळवण्याआधी बंपर काढला, तर नुकसान कशामुळे झालं हे दाखवणंच अवघड होऊन बसतं आणि क्लेम अडतो.

हिशोब सोपा आहे. समजा एकूण दुरुस्ती १०० इतकी आहे. पॉलिसीप्रमाणे आपण भरायची ठरलेली रक्कम २०. जुन्या गाडीच्या नव्या पार्टवर घसारा कापला जात असेल तर तो, समजा, १५. क्लेममुळे पुढच्या हप्त्यावरची सवलत जाऊन वाढणारा खर्च ४०. म्हणजे हातात राहिलेला फायदा १०० नाही, २५ आहे. सवलत परत मिळवायला एकापेक्षा जास्त वर्षं लागत असतील तर तो २५ सुद्धा उरणार नाही. आपल्या पॉलिसीतले खरे आकडे या चार जागी घाला आणि मग ठरवा. एका पॅनलच्या ओरखड्यासाठी क्लेम बहुतेक वेळा परवडत नाही. हेडलाइट, रेडिएटर किंवा एअरबॅग गेली असेल तर तो बहुतेक वेळा घ्यावाच लागतो.

वेगवेगळ्या वेळी झालेली नुकसानं एका क्लेममध्ये घुसवायचा सल्ला देणारे भेटतात. ती खोटी माहिती ठरते आणि पूर्ण क्लेम नाकारला जाऊ शकतो.

## टप्पा ५ : एस्टिमेट ओळीओळीने घ्या

कागदावर फक्त ‘डेंटिंग-पेंटिंग, डावी बाजू’ आणि खाली एक आकडा असेल, तर ते एस्टिमेट नाही. प्रत्येक पॅनलपुढे या गोष्टी वेगवेगळ्या लिहून मागा:

- दुरुस्ती की बदली. बदली असेल तर पार्ट मूळ कंपनीचा, बाहेरच्या बनावटीचा की सेकंडहँड
- काढणं-बसवणं: हँडल, आरसा, मोल्डिंग, लाइट, काचेचं रबर यांपैकी काय काढून रंगवणार
- पत्रा सरळ करण्याची मजुरी
- रंगाची मजुरी आणि रंगाचं साहित्य. रंग सॉलिड (साधा), मेटॅलिक (धातुकणांचा) की पर्ल (मोतिया झाकेचा)
- शेजारच्या कोणत्या पॅनलवर ब्लेंडिंग (शेडमधला फरक दिसू नये म्हणून रंग विरवत नेणं) करणार
- क्लिप, सीलर, गंजरोधक थर यांसारखं किरकोळ साहित्य
- व्हील अलाइनमेंट, हेडलाइट सेटिंग, कॅमेरा-रडार-सेन्सरचं कॅलिब्रेशन (पुन्हा अचूक जुळवणी)
- कर, आणि कामाची लेखी हमी किती मुदतीची

आता तुलना करा. दोन एस्टिमेटमधला फरक बहुधा तिसऱ्या-चौथ्या ओळीत नसून दुसऱ्या आणि पाचव्या ओळीत सापडतो. स्वस्त एस्टिमेटमध्ये हँडल आणि रबर काढायचं नसतं, त्यांना टेप लावून वरून रंग मारायचा असतो. रंगाचा काठ टेपपाशी संपतो, पाणी तिथून आत शिरतं आणि साधारण त्याच रेषेवर पापुद्रे सुटायला लागतात. माझं ठाम मत आहे की काढणं-बसवण्याच्या मजुरीत घासाघीस करू नये. दर कमी करून हवा असेल तर पार्टच्या स्रोतावर बोला.

पर्ल, त्यातही तीन थरांचा पांढरा पर्ल महाग का पडतो हेही समजून घ्या. त्यात बेस, मधला पर्लचा थर आणि क्लिअर असे तीन टप्पे असतात. मधला थर एका हाताने कमी-जास्त झाला तरी शेड बदलते, म्हणून ब्लेंडिंगही जास्त दूरवर न्यावं लागतं.

थांबा : ‘अर्धंच दार रंगवतो, पैसे अर्धे द्या’ ही सवलत नाही. बेस कोट पॅनलच्या मध्ये विरवता येतो, पण क्लिअर कोट काठापासून काठापर्यंत पूर्ण पॅनलवर जायला हवा. मध्येच संपवलेल्या क्लिअरची कड पॉलिशने आज लपते आणि काही महिन्यांनी ढगाळ रेघ होऊन दिसते.

## टप्पा ६ : गाडी उघडल्यावर दुसरं एस्टिमेट, काम त्यानंतरच

बंपर, लाइट आणि लाइनर काढल्याशिवाय खरं नुकसान दिसत नाही. समोरच्या धडकेत बंपरमागे रांगेने काय काय असतं ते बघा: फोम, बीम, बीमचे चुरगळण्यासाठीच बनवलेले आधार, हॉर्न, एसीचा कंडेन्सर, रेडिएटर, त्यांचा सपोर्ट, हेडलाइटचे ब्रॅकेट. यातलं काहीतरी निघतंच, त्यामुळे दुसरं एस्टिमेट येणं ही लबाडीची खूण नाही. फोटोशिवाय आणि न विचारता आलेलं वाढीव बिल मात्र मान्य करू नका.

गाडी देतानाच जॉब कार्डवर लिहून घ्या: ‘ठरलेल्यापेक्षा जास्त काम निघाल्यास फोटो पाठवून लेखी होकार घेतल्यावरच करावे.’ काढलेले जुने पार्ट परत हवेत किंवा दाखवावेत, हेही तिथेच लिहा. विम्याचं काम असेल तर वाढीव नुकसान विमा कंपनीच्या सर्व्हेअरनेही बघायला हवं, नाहीतर तेवढा भाग आपल्या अंगावर येतो.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर वेल्डिंगआधी हाय-व्होल्टेज बॅटरी कशी वेगळी करणार, आणि पेंट बूथचं तापमान किती ठेवणार, हे दोन प्रश्न विचाराच. बऱ्याच कंपन्या बॅटरीसाठी बूथच्या तापमानाला मर्यादा घालतात.

## टप्पा ७ : पत्रा आणि पुट्टी — इथे एकदा स्वतः जाऊन बघा

गॅरेजला एकदाच जाता येणार असेल तर रंग मारल्यावर जाऊ नका, प्रायमर मारायच्या आधी जा. बिलातला दर्जा या एका दिवशी उघडा दिसतो.

पत्रा आधी हातोडी-डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) किंवा स्पॉट पुलरने (पत्रा बाहेरून ओढणाऱ्या यंत्राने) जवळजवळ मूळ पातळीवर आणायचा असतो. पुट्टी फक्त उरलेली बारीक उणीव भरायला. घासून झाल्यावर तिची जाडी २-३ मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये. जाड पुट्टी पत्र्याबरोबर तापत-आकसत नाही आणि धक्क्याने तडकते. गंजलेला पत्रा असेल तर गंज चकचकीत धातूपर्यंत घासून एपॉक्सी प्रायमर लागला पाहिजे. गंजावर लावलेली पुट्टी फुगतेच, फक्त केव्हा एवढाच प्रश्न.

पुट्टी कालवताना बघायला मिळालं तर उत्तम. हार्डनर (पुट्टी कडक करणारं रसायन) पुट्टीच्या वजनाच्या साधारण १ ते ३ टक्के लागतो आणि कालवलेल्या गोळ्याचा रंग एकसारखा दिसायला हवा, त्यात रेघा नकोत. काम लवकर उरकायला जास्त हार्डनर घातला तर पुढे वरच्या रंगातून पिवळसर डाग उमटू शकतात. कमी घातला तर पुट्टी आत मऊच राहते.

गॅरेजमध्ये सर्रास दिसणारी चूक म्हणजे पुट्टी पाणी लावून घासणं. पॉलिएस्टर पुट्टी पाणी शोषते. ते पाणी प्रायमरखाली अडकतं, पत्रा गंजतो आणि रंगावर मोहरीएवढे फोड येतात. पुट्टी कोरडीच घासायची: ८० नंबरच्या पेपरने आकार, मग १८० आणि ३२० ने ८० चे ओरखडे काढायचे. पेपर हाताच्या बोटांवर धरून नाही, सपाट ठोकळ्यावर धरून. बोटांनी घासलं की बोटांच्याच जागी दऱ्या पडतात.

तपासा : डोळे मिटून तळवा, पातळ सुती कापडावरून, चांगल्या पत्र्यापासून पुट्टीवर आणि पुढे परत चांगल्या पत्र्यावर सलग फिरवा. हाताला पायरी किंवा उंचवटा लागला तर तो रंगानंतर नक्की दिसणार. जुन्या रंगाची कड उतरती घासलेली असावी, तुटक नसावी.

## टप्पा ८ : शेड आधी पट्टीवर, मग गाडीवर

कलर कोड हा फक्त सुरुवातीचा धागा आहे. एकाच कोडच्या अनेक छटा असतात, वर आपली गाडी उन्हात उतरलेली. म्हणून मिश्रण तयार झालं की ते आधी एका चाचणी पट्टीवर, गाडीवर जसा मारणार तसाच, क्लिअरसकट मारून वाळवायचं आणि पॉलिश केलेल्या गाडीला लावून बघायचं. ओला बेस कोट बघून दिलेला होकार उपयोगाचा नाही.

बघताना ऊन आणि सावली दोन्हीकडे बघा. ट्यूबखाली जुळलेले रंग उन्हात वेगळे दिसू शकतात. मेटॅलिक असेल तर समोरून एकदा आणि तिरकं एकदा, कारण बारीक धातुकणांची बसण्याची दिशा बदलली की कडेने बघताना दार गडद वाटतं. एवढं करूनही मेटॅलिक आणि पर्लमध्ये शेजारच्या पॅनलवर ब्लेंडिंग लागतंच. एस्टिमेटमध्ये एका पॅनलऐवजी दोन का दिसतात, याचं खरं उत्तर इथे आहे. गाडीचं एकच दार वेगळं दिसण्यापेक्षा ते पैसे द्यावेत. सॉलिड रंगात बऱ्याचदा ब्लेंडिंगशिवाय भागतं.

बंपर आणि फेंडर यांच्यात कंपनीतून आल्यापासूनच किंचित फरक असू शकतो, कारण एक प्लॅस्टिक आणि दुसरा पत्रा. तो फरक धडकेआधीच्या फोटोत बघून घ्या, मग पेंटरशी बोला.

## टप्पा ९ : रंगाचा दिवस

इथे आपल्याला करण्यासारखं थोडं आहे, क्रम माहीत असावा एवढंच. डिग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने) पुसणं, प्रायमर-सरफेसर (घासून सपाट करायचा प्रायमर), तो वाळल्यावर बारीक घासणं, पुन्हा डिग्रीझर आणि धूळ टिपणारं टॅक कापड, बेस कोटचे दोन-तीन हात, प्रत्येक हात मंद पडेपर्यंत थांबणं, मग क्लिअरचे दोन हात. क्लिअर बूथमध्ये भाजायचा असेल तर पत्र्याचं तापमान ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवून साधारण अर्धा तास. थांबण्याची वेळ कापली की आत अडकलेला थिनर नंतर बाहेर पडतो आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात.

प्लॅस्टिकच्या बंपरवर आधी रंग धरून ठेवणारा खास प्रायमर लागतो, नाहीतर प्रेशरच्या पाण्याने रंगाचे पापुद्रे उडतात. ज्या बंपरमागे रडार आहे तिथे पुट्टी चालत नाही, आणि रंगाच्या थरांवरही कंपनीची मर्यादा असते. जाड थरामागून रडारला नीट दिसत नाही. पार्किंग सेन्सरची टोकं बंपरला चिकटलेली ठेवून एकत्र रंगवू देऊ नका.

घरी स्प्रेकॅनने काम करणाऱ्यांसाठी: हार्डनर असलेल्या टू-के क्लिअरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासातून फुप्फुसांना इजा करतं आणि त्याची कायमची अॅलर्जी जडू शकते. धुळीचा साधा मास्क त्याला अडवत नाही. योग्य रेस्पिरेटर, हातमोजे आणि मोकळी हवा नसेल तर हे काम घरी करू नका.

## टप्पा १० : बिल देण्याआधी, दिवसाउजेडी

रात्री किंवा पावसात गाडी ताब्यात घेऊ नका. ओल्या गाडीवर सगळेच रंग जुळतात. कोरडी, धुतलेली गाडी उन्हात उभी करून या क्रमाने बघा:

1. टप्पा १ मधलं प्रतिबिंब पुन्हा बघा. रेषा वाकत असेल तर पुट्टी असमान आहे; हे पॉलिशने सुटत नाही.
2. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा आणि धुळीचे कण. थोडे असतील तर १५०० ते ३००० नंबरच्या पेपरने घासून पॉलिश करता येतात, ते तिथेच करून घ्या.
3. काठ, हँडलखालची जागा, दाराची आतली कड. ओघळ आणि कोरडा, खरखरीत फवारा इथेच लपलेला असतो.
4. रबर, काच, टायर, एग्झॉस्टवर रंगाची धूळ. बोनेट उघडून बघायला विसरू नका.
5. सगळ्या फटी, दारं, काचा, लाइट, वायपर, सेन्सर. डॅशबोर्डवर नवा दिवा पेटलेला नको.
6. छोटी फेरी: स्टिअरिंग सरळ आहे का, वारा कुठून शिट्टी मारतोय का.

रंगाची जाडी मोजणारा गेज मिळाला तर फारच छान. नीट रंगवलेल्या पॅनलवर तो साधारण २०० ते ३०० मायक्रॉन दाखवतो. हजाराच्या पुढे आकडा गेला की तिथे पुट्टीचा जाड थर आहे. ‘नवीन बदललं’ म्हणून बिल लावलेल्या पॅनलवर असा आकडा आला तर बिल तिथेच थांबवा आणि जुना पार्ट दाखवायला सांगा.

दोष सापडला तर तो जॉब कार्डवर लिहून, फोटो काढून, परत करून द्यायची तारीख टाकून घ्या. ‘पुढच्या सर्व्हिसला बघू’ हे लेखी नसेल तर त्याला अर्थ नाही.

## टप्पा ११ : पहिले काही आठवडे

बूथमध्ये भाजलेला रंग हाताला कडक लागतो, पण आतला थिनर अजून निघत असतो. पहिले काही आठवडे ऑटोमॅटिक ब्रशची धुलाई आणि प्रेशरचं पाणी टाळा; साध्या पाण्याने, मऊ मायक्रोफायबरने धुवा. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक लगेच भिजवून काढा, वाळलेला खरवडू नका. मेण, सिरॅमिक कोटिंग किंवा पेंट प्रोटेक्शन फिल्म किती दिवसांनी लावायची हे पेंटरकडून त्या क्लिअरच्या माहितीपत्रकाप्रमाणे लिहून घ्या. हवेत वाळवलेल्या कामाला निदान ३० दिवस थांबलेलं बरं. गाडी घेतानाच कुणी कोटिंगचं पॅकेज गळ्यात घालत असेल तर नको म्हणा.

बिल, दोन्ही एस्टिमेट, आधीचे-नंतरचे फोटो आणि रंगाचं मिश्रण-सूत्र एका ठिकाणी ठेवा. शेवटची गोष्ट मागायला लोक विसरतात. पेंटरकडे ते सूत्र लिहिलेलं असतं, आणि तीच बाजू पुन्हा घासली गेली तर नवीन शेड शोधण्याची मजुरी वाचते. हमीच्या मुदतीत त्या पॅनलवर फोड, पापुद्रे किंवा रंगाखालून वर उमटलेले घासकामाचे ओरखडे दिसले तर आधी स्वतः पॉलिश करू नका, तसाच फोटो काढून गाडी परत दाखवा.